विषाणूला पाय नसतात, मग तो बीटच्या मुळात शिरतो कसा?

साखरबीटचा कंद उपटून हातात घेतला की या रोगाचा पहिला संशय डोळ्यांनाच येतो. निरोगी कंद जाडजूड आणि फिकट पांढरा असतो, खाली हळूहळू निमुळता होत जातो आणि त्याच्या दोन बाजूंच्या खाचांमधून मोजकी बारीक मुळं निघालेली असतात. रोगट कंद वरच्या बाजूला बरा दिसतो, पण मध्येच एकदम आवळलेला असतो. त्याच्याखाली केसांसारख्या बारीक मुळांचं दाट जंजाळ लोंबत असतं आणि त्यात माती इतकी गच्च अडकलेली असते की झटकूनही सुटत नाही. असा कंद सुरीनं उभा चिरला, तर टोकाकडच्या रसवाहिन्या तपकिरी पडलेल्या दिसतात. त्या पांढऱ्या असायला हव्या होत्या.

या रोगाला रायझोमेनिया म्हणतात. साखरबीटच्या सगळ्यांत नुकसानकारक रोगांत त्याची गणना होते. जगातली साधारण एक पंचमांश साखर उसापासून नव्हे, तर बीटपासून येते. त्यामुळे युरोप, अमेरिका, जपान, चीन अशा बीट पिकवणाऱ्या बहुतेक सगळ्या भागांना या रोगानं गेल्या सत्तर वर्षांत घोर लावला आहे.

रोगाचं कारण एक विषाणू आहे, हे आता पक्कं ठाऊक आहे. पण कोडं तिथूनच सुरू होतं. विषाणूला हलता येत नाही. वनस्पतींचे बहुतेक विषाणू मावा, पांढरी माशी, तुडतुडे यांच्या सोंडेतून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. हा विषाणू तर जमिनीखालच्या मुळात शिरतो. शिवाय जिवंत पेशीबाहेर उघड्या मातीत असे विषाणू फार काळ तग धरत नाहीत. तरीही ज्या शेतात दहा वर्षं बीटचं एक रोपही लागलं नाही, तिथं पुन्हा बीट पेरलं की तोच विषाणू हजर होतो. एवढी वर्षं तो होता कुठं, आणि त्याला मुळात नेलं कुणी?

बुरशी नाही, कीड नाही, मग आहे तरी कोण?

उत्तर एका सूक्ष्म परजीवीत आहे. त्याचं नाव पॉलिमिक्सा बीटी. १९६४ साली केस्किन या शास्त्रज्ञानं बीटच्या मुळांमधून त्याचं वर्णन केलं. रोगाची नोंद इटलीत १९५२ मध्येच झाली होती. पण मुळातला हा परजीवी आणि हा रोग यांचा संबंध इटलीतल्याच कानोवा यांनी १९६६ मध्ये दाखवला. पुढे जपानमध्ये तामादा आणि बाबा यांनी १९७३ मध्ये प्रत्यक्ष विषाणू वेगळा काढून ओळखला. त्याचं पूर्ण नाव बीट नेक्रॉटिक यलो व्हेन व्हायरस. या लेखात त्याला नुसतं ‘विषाणू’ म्हणू. रोग आधी दिसला, मग परजीवी सापडला आणि खरा अपराधी सगळ्यात शेवटी हाती लागला. या क्रमाला वीस वर्षं लागली, यात नवल नाही.

पॉलिमिक्साला अनेक वर्षं बुरशीतच मोजलं जायचं. जुन्या पुस्तकांत आजही तसंच सापडेल. पण त्याची जनुकं वाचल्यावर कळलं की बुरशीशी त्याचं जवळचं नातं नाही. तो एकपेशी जीवांच्या एका वेगळ्याच कुळातला आहे. समुद्रात चुन्याची नक्षीदार कवचं बांधणारे फोरॅमिनिफेरा हे त्याचे लांबचे भाऊबंद. हे वाचायला विद्यापीठातल्या वर्गीकरणाच्या वादासारखं वाटेल, पण त्याचा परिणाम शेतात दिसतो. बुरशीनाशकं बुरशीच्या पेशींमधल्या ठरावीक क्रियांवर घाव घालतात. ज्याची पेशीच वेगळ्या घडणीची, त्याच्यावर ती चालतीलच असं नाही.

दुसरी अडचण संशोधकांची. पॉलिमिक्सा फक्त जिवंत मुळाच्या पेशीतच वाढतो. प्रयोगशाळेत बशीत खाद्य घालून त्याला वाढवता येत नाही. त्याचा अभ्यास करायचा तर दर वेळी रोपं वाढवा, मुळं धुवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसा. या जीवाबद्दलची माहिती इतक्या सावकाश का जमली, त्याचं हे मोठं कारण आहे.

मुळाच्या एका पेशीशी घडणारी गोष्ट

इथं थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या रोगाचं मर्म या काही मिनिटांत आहे.

मातीत पॉलिमिक्सा विश्राम-बीजाणूंच्या रूपात पडून असतो. विश्राम-बीजाणू म्हणजे जाड भिंतीची, जवळजवळ झोपलेली पेशी. असे अनेक बीजाणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. एकेका बीजाणूचा व्यास मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाच्या आसपास असतो. माती ओली आणि उबदार झाली आणि जवळ बीटचं कोवळं मूळ आलं, की बीजाणूतून एक छोटी पेशी बाहेर पडते. हिला चर-बीजाणू म्हणतात. तिला दोन शेपट्या असतात, एक आखूड आणि एक लांब. मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरातून ती पोहत निघते. कोरड्या मातीत तिला हलताच येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे.

मूळ गाठलं की ती मूळरोमाला किंवा मुळाच्या सालीच्या पेशीला चिकटते आणि शेपट्या टाकून देते. आता ती मुळावर बसलेला एक गोल ठिपका आहे. तिच्या आत एक बारीक नळी तयार होते आणि नळीत एक टोकदार काटा. केस्किन आणि फुक्स यांनी १९६९ मध्ये हा सगळा प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली टिपून लिहून ठेवला. तयारी पूर्ण झाली की नळी झटक्यात उलटी होऊन बाहेर येते, काटा मुळाच्या पेशीभिंतीला भोक पाडतो आणि ठिपक्यातला सगळा जीवद्रव आत ओतला जातो. बाहेर रिकामं टरफल तेवढं उरतं.

चर-बीजाणू विषाणू बाळगणारा असेल, तर विषाणू त्या जीवद्रवाबरोबरच आत जातो. वनस्पतीची पेशीभिंत विषाणूला स्वतःहून कधीच फोडता येत नाही. इथं ती त्याच्यासाठी दुसऱ्यानं फोडलेली असते.

आत शिरलेला परजीवी पेशीत पसरतो, वाढतो आणि पुढं दोनपैकी एक वाट धरतो. परिस्थिती चांगली असेल तर तो नव्या चर-बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या तयार करतो. त्या फुटल्या की नवी फौज शेजारच्या मुळांकडे निघते. उबदार, ओल्या मातीत हे चक्र दोन-तीन दिवसांतही पूर्ण होतं. हंगामभरात अशी किती चक्रं होत असतील, याची कल्पना करावी. दुसरी वाट विश्राम-बीजाणूंची. तिथं जाड भिंतीचे पुंजके मुळाच्या आतच तयार होतात, मूळ कुजलं की ते मातीत मोकळे होतात आणि वाट पाहत राहतात. दोन्ही वाटांवर विषाणू त्यांच्या आत सुरक्षित असतो.

दहा वर्षांच्या कोड्याचं उत्तर इथं मिळतं. विषाणू उघड्या मातीत नव्हताच. तो बीजाणूच्या जाड भिंतीआड होता आणि ही भिंत पंधरा वर्षांहून अधिक काळही टिकते.

नुकसान नक्की कोण करतं?

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो, आणि तो साहजिक आहे. मुळात परजीवी दिसला म्हणजे तोच रोग, असं वाटतं. पण विषाणू नसलेला पॉलिमिक्सा बीटच्या मुळात भरपूर वाढला, तरी पिकाचं फारसं बिघडत नाही. कल्पना करा की घरात एक शांत भाडेकरू राहायला आला. तो भिंती खराब करत नाही, आवाज करत नाही, पण त्याच्या लाकडी खाटेच्या फटींमधून ढेकूण आले. तो गेला तरी खाट मागे राहिली. घर पाच वर्षं बंद ठेवून उघडलं, तर चावतात ते ढेकूण. पण ते आले आणि टिकले त्या खाटेमुळे. पॉलिमिक्सा हा असा भाडेकरू आहे आणि त्याचे विश्राम-बीजाणू ही ती खाट. वनस्पतिशास्त्रात अशा नेणाऱ्याला वाहक म्हणतात. फरक एवढाच की मातीत हे ढेकूण खाटेबाहेर फार काळ जगू शकत नाहीत.

चावतो तो विषाणू. मुळात शिरल्यावर तो तिथल्या पेशींची यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो. त्याचा आनुवंशिक मजकूर एका सलग धाग्यात नसून चार, आणि काही प्रकारांत पाच, वेगवेगळ्या तुकड्यांत असतो. त्यातल्या तिसऱ्या तुकड्यावर पी-पंचवीस नावाच्या प्रथिनाची कृती लिहिलेली आहे. रोगाची तीव्रता प्रामुख्यानं या प्रथिनावर ठरते. झाडात मुळांची वाढ ऑक्झिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यांवर चालते आणि पी-पंचवीस त्याच इशाऱ्यांत ढवळाढवळ करतं. मग मुख्य मूळ पोसायचं सोडून झाड बाजूची बारीक मुळं काढतच राहतं. ती मरतात, पुन्हा नवी निघतात, पुन्हा मरतात. कंदाखालचं ते केसाळ जंजाळ असं तयार होतं.

मला या रोगातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. पॉलिमिक्साला हवी असतात कोवळी बारीक मुळं. विषाणू झाडाला नेमकी तीच जास्तीत जास्त काढायला लावतो. वाहकाला जास्त दारं मिळतात, विषाणूला जास्त वाहक मिळतात आणि दोघांचा खर्च झाड भरतं.

वर शेतात काय दिसतं? दुपारी जमिनीत ओल असूनही पानं मान टाकतात, कारण खालच्या रसवाहिन्या बिघडलेल्या असतात. पानं फिकट, उभट आणि लांब देठांची होतात. ज्या पिवळ्या शिरांवरून विषाणूला नाव मिळालं, त्या मात्र शेतात क्वचितच दिसतात, कारण विषाणू बहुधा मुळांतच राहतो. म्हणून नुसती पानं पाहून ‘नत्र कमी पडलं’ असं समजून खत वाढवणं, ही या रोगात सहज होणारी चूक आहे.

कारखान्याच्या दृष्टीनं नुकसान दुहेरी असतं. चांगल्या बीटमध्ये साधारण सोळा ते अठरा टक्के साखर असते. रोग लवकर आणि जोरात लागला तर ती दहा टक्क्यांच्याही खाली घसरते आणि कंदाचं वजनही घटतं. शिवाय रोगट कंदात सोडियम वाढतं, त्यामुळे रसातून साखरेचे स्फटिक काढणं अवघड होतं. शेतकऱ्याच्या हातात कमी कंद येतात, त्या कंदांत कमी साखर असते आणि जी असते तीही पूर्ण निघत नाही.

अशा बीटची साखर खाणं धोक्याचं आहे का? नाही. हा वनस्पतींचा विषाणू आहे, माणसाच्या किंवा जनावराच्या पेशीत तो वाढत नाही.

‘मग काही वर्षं बीट लावूच नये’

हा सगळ्यात आधी सुचणारा उपाय, आणि दुसऱ्या कितीतरी रोगांना तो लागूही पडतो. पिकांची फेरपालट केली की मातीतले अनेक रोगजंतू उपाशी मरतात. इथं ते होत नाही, कारण विश्राम-बीजाणू उपाशी नसतात, ते झोपलेले असतात. तीन-चार वर्षांच्या फेरपालटीनं रोगाचा वेग कमी होतो, हा फायदा खरा आहे. दोन बीटच्या हंगामांत जेवढं अंतर जास्त, तेवढी मातीतल्या बीजाणूंची भर सावकाश पडते. पण एकदा रोगट झालेलं शेत फेरपालटीनं स्वच्छ होईल, ही आशा ठेवू नये.

त्यात तण आहेतच. पालक, भाजीचं बीट आणि चाकवताच्या जातीतली तणं ही साखरबीटच्याच कुळातली आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या मुळांत पॉलिमिक्सा बीटी जगू शकतो. कागदावर शेत बीटमुक्त असलं, तरी तणांच्या मुळांत त्याची सोय होत राहते.

‘औषध टाकून जमीन निर्जंतुक करता येणार नाही का?’

येते, पण परवडत नाही आणि टिकत नाही. मिथाइल ब्रोमाइडसारखा विषारी वायू जमिनीत सोडून पॉलिमिक्सा बराच कमी करता येतो, हे पूर्वी दाखवलं गेलं होतं. पण शेकडो एकरांच्या साखर पिकासाठी तो खर्च कधीच जुळणारा नव्हता. वायू पोहोचतो वरच्या थरापर्यंत आणि बीटचं मूळ जातं खूप खोल. खालून बीजाणू पुन्हा वर येतातच. शिवाय मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या रसायनांपैकी एक असल्यामुळे मॉन्ट्रियल कराराखाली त्याचा वापर जगभर बंद करत आणला गेला. माझ्या मते हा रस्ता बंद झाला ते बरंच झालं. मातीतला एक परजीवी मारण्यासाठी मातीतलं सगळं जीवन मारणं हा सौदा कधीच शहाणपणाचा नव्हता.

रसायनांपेक्षा जास्त उपयोगी पडतं ते पाणी आणि तापमान यांचं भान. चर-बीजाणूला पोहायला पाणी लागतं आणि ऊब लागते. पंचवीस अंश सेल्सियसच्या आसपासची माती त्याला सगळ्यात मानवते, थंड मातीत तो फारसा हालचाल करत नाही. म्हणून थंड हवेच्या देशांत बीट वसंताच्या सुरुवातीला, माती गार असतानाच पेरतात. माती तापेपर्यंत मूळ जाडजूड झालेलं असतं. उशिरा लागलेला रोग तेवढं नुकसान करत नाही, रोपावस्थेत लागलेला मात्र पीक झोपवतो. पाण्याचा निचरा चांगला ठेवणं, गरजेपेक्षा जास्त पाणी न देणं, हेही त्याच कारणासाठी. रोगाचे पहिले पिवळसर पट्टे बहुतेक वेळा शेताच्या सखल, पाणी तुंबणाऱ्या कोपऱ्यात दिसतात, ते उगीच नाही.

एका शेतातून दुसऱ्या शेतात

चर-बीजाणू स्वतःच्या बळावर फार लांब पोहत नाही. किलोमीटरच्या किलोमीटर प्रवास घडवतो तो माणूस. ट्रॅक्टरच्या टायरांत अडकलेली माती, बुटांच्या तळव्याला लागलेला चिखल, शेजारच्या शेतातून वाहत आलेलं पाणी, बटाट्याच्या बियाण्याला चिकटलेली माती, एवढं पुरेसं असतं. रोगट बीट खाल्लेल्या जनावरांच्या शेणातूनही बीजाणू जिवंत बाहेर पडतात.

सगळ्यात मोठी वाट मात्र साखर कारखान्यातून जाते. कंदांबरोबर टनावारी माती कारखान्यात येते. धुण्याच्या हौदांत ती साठते आणि पुढं कुठंतरी टाकावी लागते. ती पुन्हा शेतात गेली, तर वेगवेगळ्या शेतांतली माती एकत्र होऊन एकाच खेपेत वाटली जाते. रोगाचा नकाशा पाहिला तर तो याच वाटांनी सरकलेला दिसतो. १९६०च्या दशकात तो जपानमध्ये दिसला, १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात, १९८७ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात. इंग्लंडनं त्यानंतर रोगट शेतं शोधून त्यांच्यावर निर्बंध घातले. त्यानं रोग थांबला नाही, पण त्याला उशीर नक्की झाला. आणि हा उशीर मोलाचा ठरला, कारण तोवर रोगाला तोंड देणारी वाणं तयार होत होती.

‘प्रतिकारक बियाणं आलंय ना? मग प्रश्न मिटला’

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. आज जगात रायझोमेनिया असलेल्या भागांत जवळपास सगळं बीट प्रतिकारक वाणांचंच असतं आणि त्यांनीच हे पीक वाचवलं. पण ‘प्रश्न मिटला’ हे म्हणणं मला मान्य नाही.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या होली शुगर कंपनीच्या बीटमध्ये एक असं जनुक सापडलं की ज्यामुळे रोगट जमिनीतही पीक तगत होतं. त्याला आरझेड-एक म्हणतात. पुढे डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या रानटी बीटमधून आरझेड-दोन मिळालं. ही दोन जनुकं, कधी एकटी तर कधी जोडीनं, आजच्या वाणांचा कणा आहेत. आरझेड-दोन ज्या प्रथिनाची कृती सांगतं, ते पेशीत पहारा देतं. विषाणूच्या एका ठरावीक प्रथिनाची चाहूल लागली की ते पेशीची संरक्षणयंत्रणा जागी करतं.

पण हा प्रतिकार काय करत नाही, हे पाहणं जास्त गरजेचं आहे. तो विषाणूला मुळात येण्यापासून रोखत नाही, फक्त फार वाढू देत नाही. पॉलिमिक्साला तर तो अजिबात रोखत नाही. प्रतिकारक बीटच्या मुळात परजीवी नेहमीसारखा शिरतो, नेहमीसारखा वाढतो आणि नेहमीसारखे विश्राम-बीजाणू मागे ठेवतो. थोडा विषाणूही त्यांच्याबरोबर जातो. वर हिरवंगार पीक, कारखान्यात भरघोस साखर, आणि खाली मातीतला साठा तसाच. आपल्याला दिसत नाही म्हणून रोग गेला, असं वाटत राहतं.

आणि या साठ्यात विषाणू बदलत राहतो. एकाच जनुकाच्या भरवशावर लाखो एकर पीक उभं केलं, की त्या जनुकाला चुकवणाऱ्या विषाणूलाच पुढं जायला वाव मिळतो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅलिफोर्नियाच्या इंपिरियल व्हॅलीत हेच घडलं. आरझेड-एक असलेल्या वाणांवर रोगाची लक्षणं पुन्हा दिसू लागली. युरोपातही असे प्रकार सापडले. संशोधकांनी विषाणूचा मजकूर वाचला तेव्हा बदल मुख्यतः पी-पंचवीस प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या साखळीतल्या ६७ ते ७० या चार जागांवर सापडले. ६७व्या जागी अ‍ॅलॅनिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल यायला आनुवंशिक मजकुरातलं एकच अक्षर बदलावं लागतं, आणि अर्धवट प्रतिकारक रोपांच्या मुळांत विषाणू जास्त साचायला तेवढा बदल पुरतो, हे प्रयोगात दिसलं आहे. एक वाण तयार करायला दहा-बारा वर्षं जातात, हे माहीत असलेल्या कुणालाही ही गोष्ट जिव्हारी लागेल.

म्हणून दोन्ही जनुकं एकाच वाणात आणण्याकडे कल आहे. विषाणूला दोन्ही एकदम चुकवणं जास्त अवघड जातं. त्याहून मूलभूत उपाय वाहकालाच रोखण्याचा. बीटचे काही दूरचे रानटी भाऊबंद, उदाहरणार्थ कॅनरी बेटांवर आढळणारी पॅटेलिफोलिया ही वनस्पती, पॉलिमिक्सालाच दाद देत नाहीत. पण साखरबीटशी त्यांचा संकर सहजासहजी जमत नाही, त्यामुळे तो गुण अजून शेतात उतरलेला नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या खारट वाळूत उगवणारं रानटी बीट जपणं ही केवळ निसर्गप्रेमाची बाब नाही, असं मी म्हणतो ते यासाठी. आरझेड-दोन तिथूनच आलं आहे.

बीटपुरतंच आहे का हे?

नाही. पॉलिमिक्साचा जुळा भाऊ म्हणावा असा पॉलिमिक्सा ग्रॅमिनिस गवतवर्गीय पिकांच्या मुळांत राहतो. गहू आणि बार्लीवरचे मातीतून येणारे मोझॅक विषाणू तोच नेतो. पश्चिम आफ्रिकेत आणि कोलंबियात भातावर येणारा एक विषाणूही त्याच्याकडूनच येतो. भारतात भुईमुगाचं झाड खुजं, गर्द हिरवं आणि झुपक्यासारखं करून टाकणारा क्लंप रोगही याच वाहकाचा. बटाट्याच्या मॉप-टॉप विषाणूचा वाहक स्पाँगोस्पोरा हाही याच कुळातला, आणि बटाट्यावर खवले आणून तो स्वतःही नुकसान करतो.

भुईमुगाच्या बाबतीत संशोधकांनी एक सुरेख युक्ती वापरून पाहिली. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाजरी दाट पेरायची. बाजरीच्या मुळांच्या ओढीनं मातीतले बीजाणू जागे होतात आणि मुळांत शिरतात. ते नवे बीजाणू तयार करायच्या आत, साधारण दोन आठवड्यांत, बाजरी मुळांसकट उपटून टाकायची आणि मग भुईमूग पेरायचा. यानं रोग घटलेला दिसला. बीजाणू झोपेत मारता येत नाहीत, तेव्हा त्यांना उठवून मारायचे, असा हा विचार आहे. थंड देशांत बीटचा हंगाम आधीच आखूड असतो, त्यामुळे तिथं हे तसंच्या तसं बसत नाही.

शेतात रोग आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

मातीत परजीवी शोधणं अवघड, म्हणून मुळालाच शोधाचं काम देतात. संशयित शेतातली माती कुंड्यांत भरायची, त्यात बीटची कोवळी रोपं काही आठवडे उबदार आणि ओल्या वातावरणात वाढवायची आणि मग मुळं धुऊन विषाणूची चाचणी करायची. त्यासाठी बहुधा एलायझा वापरतात. या चाचणीत विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं मुळाच्या रसात मिसळतात, आणि विषाणू असेल तर रंग बदलतो. विषाणूचा नेमका प्रकार किंवा पी-पंचवीसमधला बदल शोधायचा असेल, तर आनुवंशिक मजकुरापर्यंत जावं लागतं.

प्रतिकारक वाण लावलेल्या शेतातही नजर हवी, आणि इथं एक फरक ओळखता आला पाहिजे. कुठंतरी एखादंच, एकटं, झळझळीत पिवळं झाड दिसलं आणि त्याच्या चारही बाजूची झाडं हिरवी असली, तर बहुधा ते बियाण्यातलं प्रतिकार नसलेलं एखादं झाड असतं. प्रत्येक बियाण्यात अशी काही थोडी निघतात. पण पिवळी झाडं शेजारी शेजारी असली, त्यांचा पट्टा झाला, आणि पुढच्या वेळी तो पट्टा मशागतीच्या दिशेनं लांबलेला दिसला, तर विषाणूनं प्रतिकार चुकवला असण्याची शक्यता आहे. अशा पट्ट्यातले कंद उपटून, मुळं तुटणार नाहीत अशा बेतानं मातीसकट पिशवीत भरून तपासणीला पाठवावेत, आणि त्या पट्ट्यात चाललेलं अवजार दुसऱ्या शेतात न्यायच्या आधी धुवावं.